शब्द हवा आहे: रात्री बोट नांगरायची निवांत जागा

मूळ प्रश्न

शिडाच्या बोटीतून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्यांसाठीच्या एका मार्गदर्शिकेचं मराठी करतेय. त्यात पानोपानी ‘क्वाएट अँकरेज’ येतं, म्हणजे धक्क्याला न लागता नांगर टाकून रात्र काढता येईल अशी जागा. ‘शांत नांगरस्थळ’ लिहून पाहिलं, पण असं कुणी बोलत नाही. ‘बंदर’ म्हटलं की जेटी, बर्फ, ट्रॉलर डोळ्यांपुढे येतात. शिवाय लंगर की नांगर? ‘बे’ला खाडी चालेल का? आणि ‘स्वेल’ला काय म्हणू?

प्रतिसाद (देवगडहून)

ताई, नांगरच लिहा. लंगर म्हटलं की आता गुरुद्वारातली पंगत आठवते. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’वरून आणि बोटीचा फारसी ‘लंगर’वरून आला असं मानतात, मराठीत दोघांचं रूप एक झालं. घोटाळा होत नाही, कारण शेत नांगरलं म्हणजे उकरलं आणि होडी नांगरली म्हणजे एका जागी थांबवली. वादळाचा इशारा आला की ‘नौका खाडीत नांगरून ठेवल्या’ असं वर्तमानपत्रंही लिहितात. तेव्हा ‘नांगरस्थळ’ सोडा, ‘नांगरायची जागा’ पुरेसं आहे.

‘शांत’ला मात्र माझी हरकत आहे. शांत म्हणजे माणसांची वर्दळ नसलेली जागा असं वाचणारा धरून चालेल. बोटीवरच्या माणसाला हवा असतो आडोसा, आणि कशापासून आडोसा हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. रत्नागिरीचा मिऱ्या डोंगर घ्या. त्याच्या उत्तरेच्या अंगाला नैर्ऋत्येच्या वाऱ्यापासून छान आडोसा मिळतो. पण एप्रिल-मेच्या दुपारी वायव्येचा वारा सुटला की तीच जागा उघडी पडते. म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘नैर्ऋत्येपासून आडोसा, वायव्येला उघडं’ असं पुरतं लिहा. वाक्य लांबेल, पण नुसत्या ‘सुरक्षित’ या शब्दावर विसंबून कुणी रात्री अडकायला नको.

‘बे’ला सरसकट खाडी म्हणू नका, ही कळकळीची विनंती. आमच्याकडे खाडी म्हणजे नदीच्या मुखातून भरतीचं पाणी जिथवर आत चढतं तो सगळा पट्टा: सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, विजयदुर्गाची वाघोटन. तिथे साधारण सहा-सहा तासांनी पाण्याची ओढ उलटते आणि नांगरलेली बोटही तोंड फिरवते. समुद्राच्या नुसत्या वळणात तशी ओढ नसते. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर वाचणारा तयारी चुकीची करेल. लहान ‘बे’ला मी ‘वळण’ म्हणेन, मोठ्याला ‘उपसागर’.

वाघोटनचं नाव निघालंच म्हणून सांगतो, मराठ्यांच्या आरमाराची गोदी किल्ल्याच्या तोंडाशी नाही, आत खाडीत आहे. आडोसा म्हणजे काय ते तिथे उभं राहिलं की कळतं.

प्रतिसाद (शिडाची बोट चालवणारा, गोवा)

वरच्या काकांशी सहमत. ‘स्वेल’बद्दल मी लिहितो, कारण रात्रीची झोप सगळ्यात जास्त तीच घालवते.

जवळच्या वाऱ्याने उठते ती लाट आखूड आणि खडबडीत असते. वारा पडला की तीही बसते. स्वेल दूरच्या वादळात जन्मते. पावसाळ्याआधीच्या दिवसांत थेट दक्षिण महासागरातून निघालेली लाट काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला पोचते, इथे वाऱ्याची झुळूक नसतानाही. मी तिला ‘दूरची लाट’ म्हणतो. ती डोंगराच्या टोकाला वळसा घालून आडोशातही शिरते, कारण पाणी उथळ होत गेलं की तिची दिशा वाकते. वारा पडलेला असेल तर बोटीचं तोंड कुठेही वळतं, ही लाट कुशीवर बसते आणि रात्रभर भांडी खडखडतात. अशा वेळी मागच्या बाजूने दुसरा, हलका नांगर टाकून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, लाटेकडे धरून ठेवतात. त्यामुळे ‘वाऱ्यापासून आडोसा’ आणि ‘लाटेपासून आडोसा’ हे तुमच्या मजकुरात वेगवेगळे दिसू द्या.

दिवसाचे खारे वारे समुद्राकडून, रात्रीचे मतलई जमिनीकडून. शाळेच्या भूगोलातले हे शब्द इथे जसेच्या तसे घ्या. संध्याकाळी बोटीची पाठ किनाऱ्याकडे असते, पहाटे तोंड. म्हणजे नांगराभोवती पूर्ण वर्तुळ मोकळं हवं आणि त्या वर्तुळात खडक किंवा जाळ्याचे खुंट नकोत.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे आभार. ‘स्कोप’ अडलंय.

प्रतिसाद (गोवा)

एका शब्दात बसवू नका. ‘खोलीच्या किती पट साखळी सोडायची’ असं उलगडून लिहा. मात्र खोली भरतीची धरायची आणि पाण्यापासून नाळेपर्यंतची उंचीही त्यात घ्यायची. ओहोटीला ३ मीटर पाणी, भरतीने २ मीटर वाढणार, नाळ १ मीटर वर, असे ६ मीटर झाले. साखळी पाचपट, म्हणजे ३० मीटर. साखळी थोडी आणि बाकी दोरच असेल तर सातपट, ४२. साखळी जितकी लांब, तितकी नांगरावरची ओढ आडवी राहते आणि तो तळात रुततो; ओढ वर आली की तो उपटतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला कमी, एवढं लक्षात ठेवून हिशोब करायचा.

प्रतिसाद (देवगडहून)

तळासाठी ‘जमीन’ लिहा: चिखलाची, रेतीची, खडकाची. चिखलात आणि रेतीत नांगर धरतो. खडकात एकतर धरतच नाही, नाहीतर असा अडकतो की निघत नाही. मालवणसमोर सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्याखाली खडकच खडक आहेत, तिथे नकाशा असला तरी स्थानिक तांडेलाला, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखाला, विचारूनच शिरावं. ‘लोकल नॉलेज’ येईल तिथे ‘स्थानिक ज्ञान’ न लिहिता ‘तांडेलाला विचारा’ असंच लिहा. विचारताना डोल (एका जागी बांधलेली मोठी जाळी) कुठे लावलेत आणि पहाटे ट्रॉलर कुठल्या वाटेने निघतात, हेही विचारायला सांगा. त्या वाटेवर नांगरलात तर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावूनही झोप मिळणार नाही.