उघड्या चिखलात खारफुटी लावायची की नाही?

भरतीरेषा
"उघडा चिखल दिसला की कांदळाच्या शेंगा खोचा, पाच वर्षांत जंगल उभं" ही काल आलेली पोस्ट वाचून राहवलं नाही. (कांदळ ही खारफुटीची एक जात, शेंग म्हणजे झाडावरच कोंब फुटलेलं तिचं बी.) चिखल उघडा आहे कारण बहुतेक वेळा तिथे खारफुटी जगतच नाही. तिचा पट्टा साधारण समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर सुरू होतो आणि 30 टक्क्यांहून जास्त वेळ पाण्याखाली राहणं तिला मानवत नाही. त्याखाली लावलेल्या रोपांच्या खोडाला बार्नेकल (कठीण कवचाचे छोटे समुद्री जीव) चिकटतात, वजनाने रोप वाकतं, पुढच्या उधाणात उपटून जातं. फिलिपाइन्समध्ये भरपूर पैसा ओतून लागवडी झाल्या, पण दीर्घकाळ जगली ती साधारण 10 ते 20 टक्के रोपं. शेजारच्या धडधाकट कांदळवनातली जमिनीची उंची लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजा. तेवढी उंची नसेल तर तिथे शेंग खोचूच नका.

शेंगवाला
पोस्ट माझी आहे. आसपास मातृवृक्षच उरले नाहीत तिथे बी कुठून येणार? रोपं मरतात ती शेंग निवडता येत नाही म्हणून! वरच्या टोकाशी पिवळसर कडं दिसलं आणि टोपी अलगद सुटली की शेंग पिकली. ओढून तोडलेली हिरवी शेंग रुजत नाही. टोकदार बाजू खाली, एक तृतीयांश चिखलात, बस्स.

जुनीखाडी
आणि कांदळच का? शेंग हाताला सोपी म्हणून. समुद्राच्या बाजूला पहिल्या फळीत बहुधा तिवर आणि चिप्पी या खारफुटीच्या दुसऱ्या जाती असतात. तिवर तोडला तरी फुटतो, कांदळाची जून फांदी तोडली की पुन्हा फुटत नाही.
कोळंबीच्या तळ्यांभोवतीच्या बांधांबद्दल तर दोघंही गप्प. कोळंबीचं तळं सोडून दिलं तरी बांध पाणी अडवतच राहतो. तळ उघडा पडून वाळला की मातीतल्या पायराइटचं (लोह-गंधकाच्या खनिजाचं) हवेने आम्ल बनतं, सामू (पीएच) 4 च्या खाली जातो. जुन्या खाडीची वाट होती तिथेच बांध फोडा. भलतीकडे फोडलात तर ओहोटीतही पाणी तुंबून राहील.

हिरवंपान
इथे तिवरांच्या पानांची अळीने चाळण होतेय आणि तुम्ही बांध मोजताय! पट्टेच्या पट्टे तपकिरी पडतात. आधी फवारणी करा.

भरतीरेषा
फवारणी अजिबात नको! ही सागाची पानं खाणारीच अळी, हायब्लिया प्युएरा. शिरा तेवढ्या ठेवते, कोषात जाते, काही आठवड्यांत तिवराला नवी पालवी येते. औषध मात्र चिखलात उतरून खेकडे मारतं, आणि खेकड्यांची बिळंच मुळांपर्यंत हवा पोचवतात.

हिरवंपान
"पालवी येईल" म्हणत मेलेली झाडं बघत बसायची का? वर्षभरात दोन-तीनदा अळी आली तर?

जुनीखाडी
तर झाड थकतं, हे खरं. पण आधी मेलं की नाही ते बघा. नखाने साल खरवडा, आत हिरवी-ओली असेल तर झाड जिवंत आहे. मग श्वसनमूळ (हवा घ्यायला चिखलातून वर आलेलं मूळ) मोडा, पांढरं-भरीव की काळं-मऊ? पान कुरतडलेलं नसताना पिवळं पडून गळत असेल आणि ओहोटीतही श्वसनमुळांची टोकं पाण्याखाली असतील, तर अळीचा काही संबंध नाही, पाणी जायची वाट तुंबली आहे. गाळाचा जाड थर एकदम पडला तरी हेच होतं, मुळांची छिद्रं बुजतात आणि झाड गुदमरतं.

हिरवंपान
ठीक, फवारणीचं मागे घेते. पण साल न खरवडता "येईल पालवी" असं कुणी सांगू नये.

शेंगवाला
अळीवर अर्धा धागा गेला! माझ्या प्रश्नाचं काय?

भरतीरेषा
जिथे बी येत नाही तिथे लावा, एवढं मान्य. पण "येत नाही" हे ठरवायचं मोजून. पाणी मोकळं केल्यावर बी पडण्याचा एक पूर्ण हंगाम जाऊ द्या, चौकटी आखा आणि आपसूक रुजलेली रोपं मोजा.

शेंगवाला
उंची मोजेन, एक हंगामही थांबेन. चौकटी रिकाम्या राहिल्या तर मात्र लावणारच, आणि पुढच्या फळीत तिवर.