पांढऱ्या निशाणापायी हुकलेले सिंहासन

१७९३ मध्ये राजा सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला आणि फ्रान्समधील राजेशाहीचा प्रश्न कायमचा निकालात निघाला, हे मत मला पटत नाही. १८१४ ची राजेशाहीची पुनःस्थापना आणि १८३० ची क्रांती यांविषयी बरेच लिहिले जाते, पण १८७३ चा प्रसंग मात्र सहसा विसरला जातो. १८७१ मध्ये निवडून आलेल्या राष्ट्रीय सभेत राजेशाहीवाद्यांचेच बहुमत होते. बूर्बाँ आणि ओर्लेआँ या राजघराण्याच्या भांडणाऱ्या शाखांचाही समेट झाला होता. राजा दहाव्या शार्लचा नातू, शांबोरचा काउंट आंरी, याने राजा होण्यास होकार देण्याचाच काय तो अवकाश होता. पण त्याने क्रांतीचा फ्रेंच तिरंगा ध्वज स्वीकारायला नकार दिला आणि पूर्वजांच्या पांढऱ्या निशाणाचा आग्रह सोडला नाही.

याला निव्वळ हेकटपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण ज्या तिरंग्याखाली आजोबांच्या थोरल्या भावाचे, म्हणजे सोळाव्या लुईचे, मस्तक उडवले गेले, तो तिरंगा त्याच्या दृष्टीने क्रांतीपुढील शरणागती होती. राजेशाहीवाद्यांनी मग सेनानी मॅकमहॉनला सात वर्षांसाठी अध्यक्षपद देऊन अनुकूल वेळेची वाट पाहायचे ठरवले, पण ३० जानेवारी १८७५ रोजी सभेचे सदस्य वालाँ यांची घटनात्मक कायद्यातील दुरुस्ती ३५३ विरुद्ध ३५२ मतांनी, म्हणजे अवघ्या एका मताने, संमत झाली आणि प्रजासत्ताकाला घटनात्मक पाया मिळाला. आंरीच्या राज्यारोहणासाठी बनवलेल्या घोडागाड्या शांबोरच्या राजवाड्यात आजही आहेत. त्यांतून पॅरिसमध्ये कुणी राजा कधी शिरलाच नाही.