मदत हवी आहे: सिम्युलेशनमधल्या गटात दर वेळी एकच एजंट सगळं बोलणं बळकावतो

मंडळी, एकत्र काम करणाऱ्या छोट्या गटात कोणाचा दर्जा कसा चढतो आणि माणसाची स्वतःची ओळख त्यात कुठे आड येते, याचं एजंट-आधारित मॉडेल (ठरवून दिलेल्या नियमांनी वागणारी आभासी माणसं, म्हणजे एजंट, यांचं सिम्युलेशन) पायथनमध्ये लिहितेय. एका ठिकाणी घोडं अडलंय.

सहा एजंट, एक सामायिक काम. प्रत्येक फेरीत एक जण सूचना मांडतो, बाकीचे ती मान्य करतात किंवा उडवून लावतात. बोलायची पाळी कोणाची हे दर्जावरून सॉफ्टमॅक्सने (आकड्यांचे घातांक घेऊन त्यांतून शक्यता काढणाऱ्या सूत्राने) ठरतं, मान्यतेची शक्यताही बोलणाऱ्याच्या दर्जावरूनच. मान्य झाली की दर्जा ०.१ ने वर, नाही तर तेवढाच खाली. सुरुवातीला सगळे समान. मूळ कल्पना जोसेफ बर्गर आणि सहकाऱ्यांची: कोण सक्षम असेल याबद्दल गटात अपेक्षा तयार होतात, त्यांमुळे संधी मिळते, आणि मिळालेल्या संधीने अपेक्षा आणखी पक्क्या होतात.

होतं काय, तर थोड्याच वेळात एक एजंट जवळपास सगळ्या फेऱ्या खातो. रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) बदललं की एजंट बदलतो, चित्र तेच. खऱ्या गटात असं कुठे होतं? रॉबर्ट बेल्सने १९५० मध्ये गटचर्चेतल्या वागण्याचे १२ प्रकार पाडले, त्या परंपरेतल्या निरीक्षणांत बोलणं विषम वाटलेलं दिसतं खरं, पण ती उतरंड असते. दुसरा-तिसरा माणूस मुका होत नाही. दर्जाला वरची मर्यादा घालून पाहिली, तर मर्यादेला टेकलेले दोघं-तिघं आळीपाळीने बोलत बसतात. आणि ती मर्यादा मी ठरवलेली, गटाने नाही.

मग डेव्हिड हाइसच्या अफेक्ट कंट्रोल थिअरीनुसार ओळख घातली. प्रत्येक ओळखीला तीन आकडे: चांगुलपणा, सामर्थ्य, सक्रियता. प्रसंगातून उमटलेली प्रतिमा मूळ प्रतिमेपासून जितकी दूर, तितकं विचलन जास्त. एजंट ते कमी करणारी कृती निवडतो. आता गाडी उलट्या दिशेला! लॉगमध्ये ‘नवख्या’ची सूचना लागोपाठ तीनदा मान्य होते, विचलन उडी मारतं, आणि चौथ्या फेरीला तो स्वतःची सूचना सोडून ‘तज्ज्ञा’ची तळी उचलतो. कोणी जागचा हलतच नाही.

या दोन यंत्रणा जोडायच्या कशा?

प्रतिसाद १
गोम सॉफ्टमॅक्समध्ये आहे. दर्जा सरळ रेषेत वाढतो, पाळी मिळण्याची शक्यता घातांकात. पाळी दर्जाच्या थेट प्रमाणात दिलीत तरी सुटका नाही, कारण मान्यताही दर्जावरच टांगलेली आहे. म्हणजे एकच परिणाम दोनदा मोजला जातोय, वाढ दर्जाच्या वर्गाच्या प्रमाणात होते आणि पुन्हा मक्तेदारी. मान्यतेत सूचनेच्या गुणवत्तेला वजन द्या.

सरसकट ०.१ पण काढा. बर्गरच्या मांडणीत एकाच दिशेची माहिती साचत गेली की नव्या माहितीचा प्रभाव घटत जातो. उरलेल्या अंतराचा ठरावीक हिस्साच वाढवा. दर्जा १ च्या जवळ जाईल, ओलांडणार नाही. वेगळी मर्यादा लागत नाही.

ओळख एका बिंदूवर खिळवलीत म्हणून नवखा कायम नवखा. जेसी होई आणि टोबियास श्रोडर यांच्या बेझॅक्टमध्ये (अफेक्ट कंट्रोल थिअरीच्या संभाव्यतेवर आधारलेल्या रूपात) ओळख हे संभाव्यता वितरण असतं, म्हणजे एकच ठाम आकडा नाही तर कोणता आकडा किती शक्य आहे याचा पसारा. एखाद्या मान्यतेने ते फारसं हलत नाही, सतत मिळत राहिली की सरकतं. स्वतःची ओळख आणि इतरांच्या नजरेतली ओळख मात्र वेगळी ठेवा, दर्जाचं भांडण तिथेच असतं.

धागाकर्ती
दोनदा मोजणी होतेय हे पटलं, आजच बदलते. पण प्रत्येकाच्या मनात प्रत्येकाची (स्वतःचीही) ओळख ठेवायची तर सहा जणांत ३६ वितरणं. पार्टिकल फिल्टर (वितरण अनेक नमुना-बिंदूंनी दाखवणारी पद्धत) लावू की साधं गॉसियन (एकाच उंचवट्याचं घंटाकार वितरण) पुरेल?

प्रतिसाद १
गॉसियनने सुरू करा. एखाद्याबद्दल ‘नवखा की तज्ज्ञ’ असे दोन उंचवटे पडायला हवेत असं वाटलं, तरच पार्टिकल. आणि ओळख बंद ठेवून एक रन आधी घ्या, नाहीतर कोणत्या बदलाने काय सुधारलं ते कळणार नाही.