आर्मी-नेव्ही मॅचची वेळ सरकारने राखून ठेवणं पटतं का?

रामबागकर:
मंडळी, डिसेंबरात भाच्याच्या हट्टापायी रात्री दीडला उठून अमेरिकेतली आर्मी-नेव्ही मॅच बघितली, म्हणजे तिथल्या सैन्य आणि नौदलाच्या अधिकारी घडवणाऱ्या दोन अकॅडम्यांच्या पोरांची कॉलेज मॅच, त्यांचं ते हेल्मेटवालं फुटबॉल. इंदूरची थंडी, दोघं एका गोधडीत, नियम मला निम्मेही कळत नव्हते तरी शेवटी शेवटी जागेवर बसवेना. नेव्ही १७-१६, फक्त एका पॉइंटने! आणि मग दोन्ही टीम हेल्मेट काढून आधी हरलेल्या आर्मीच्या कॅडेट पोरांसमोर उभ्या राहिल्या, त्यांच्या अकॅडमीचं गाणं झालं, नंतर सगळे मिळून नेव्हीच्या पोरांसमोर. जिंकणाऱ्याचं गाणं शेवटी म्हणायचं अशी रीतच आहे. माझ्या डोळ्यात पाणी आलं खरंच.

जानेवारीत ट्रंपने जाहीर केलं की डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी चार तास फक्त हीच मॅच, त्या वेळात टीव्हीवर दुसरी कॉलेज फुटबॉल मॅच नको. भाचा म्हणतो एकदम बरोबर. मला वाटतं सरकारने खेळाच्या टाइमटेबलमध्ये कशाला पडावं? तुमचं काय मत?

महूवाला:
भाचा बरोबर बोलतोय. माझे बाबा सैन्याच्या सिग्नल्समध्ये होते, लहानपण सगळं महूच्या कँटोनमेंटमध्ये गेलं, त्यामुळे मी थोडा एका बाजूचा आहे हे आधीच सांगतो. २०२४ पासून तिकडे कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या फेऱ्यांत, चाराच्या जागी १२ टीम आल्या, मॅचेस वाढल्या, चॅनलवाल्यांना डिसेंबरचा प्रत्येक शनिवार हवाय. यात या दोन अकॅडम्यांचं कोण ऐकणार? ही पोरं पास झाली की बहुतेकांना किमान पाच वर्षं सैन्यात नोकरी करावीच लागते, खेळून पैसा कमवायचा त्यांच्या डोक्यातही नसतो. त्यांना वर्षातून चार तास दिले तर काय बिघडलं.

जुनी_पानं:
महूवाला, भावना समजते पण हीच मॅच सरकारनेच एकदा बंद पाडलीय. पहिली मॅच १८९० ची, वेस्ट पॉइंटला म्हणजे आर्मीच्या अकॅडमीत, नेव्ही २४-० ने जिंकली. १८९३ च्या मॅचनंतर एक जनरल आणि एक अॅडमिरल इतके भांडले म्हणतात की गोष्ट थेट राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडच्या कॅबिनेटपर्यंत गेली आणि पाच वर्षं मॅचच नाही, १८९९ ला फिलाडेल्फियात परत सुरू झाली. म्हणजे ज्या हाताने वेळ राखून ठेवली तो हात उद्या वेळ काढूनही घेऊ शकतो, मला भीती याची वाटते.
पण हेही सांगते, १९४२ ला युद्धामुळे प्रवासावर बंधनं होती, आर्मीचे कॅडेट अॅनापोलिसला, नेव्हीच्या अकॅडमीच्या गावी, येऊच शकले नाहीत, तेव्हा नेव्हीच्याच काही पोरांना ऑर्डर दिली की तुम्ही आर्मीसाठी ओरडा. आणि ती ओरडली! हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस घरात सगळ्यांना हेच सांगत होते.

होळकर_संघ:
इंदूरच्या माणसाने हा प्रश्न विचारावा म्हणजे कमाल आहे, आपल्याइतकं हे कोणाला कळणार? होळकर टीमने १९४५-४६ ते १९५२-५३ मध्ये चार वेळा रणजी जिंकली, सी. के. नायडू कॅप्टन. महाराजांचा आश्रय होता तोवर टीम होती. संस्थान विलीन झालं, पुढच्या काही वर्षांत टीमचं नावच गेलं, मग मध्य प्रदेशाला रणजी मिळायला २०२२ उजाडलं. आजोबा शेवटपर्यंत "आपली होळकर" म्हणायचे. सांभाळणारं कोणी नसेल तर नुसत्या प्रेमावर काही टिकत नाही हो. आपला फुटबॉलचा ड्युरँड कप १८८८ पासून चाललाय तो सैन्याने धरून ठेवला म्हणूनच ना, आणि आजही त्यात मोहन बागानसोबत आर्मी-नेव्हीच्या टीम उतरतात. मी महूवाल्याच्या बाजूने.

रामबागकर:
होळकर_संघ, तुमच्या आजोबांचं वाचून गप्पच झालो. वेळ राखली तर राखू दे, माझा विरोध मागे. जुनी_पानं, १९४२ चं भाच्याला आत्ताच वाचून दाखवलं, तो म्हणतो यंदा मॅचला आपण दोघांपैकी एकाने आर्मीसाठी ओरडायचं. यंदा दुसरा शनिवार १२ डिसेंबरला आहे, महूवाला, तुम्ही या आमच्याकडे, गोधडी आणखी एक काढून ठेवतो.