लंडनहून एका दिवसात पॅरिस, युरोस्टारने: वेळेचं गणित बसतं का?

भटकभवानी
आई-बाबा सप्टेंबरमध्ये लंडनला येत आहेत. तिघांनी सकाळी युरोस्टारने पॅरिसला जायचं आणि रात्री परत यायचं, मुक्काम नाही, असा बेत आहे. यादी: लूव्र संग्रहालय, नोत्र दाम चर्च, आयफेल टॉवर (वरपर्यंत), माँमार्त्र आणि जमलं तर व्हर्सायचा राजवाडा. तिघांचेही भारतीय पासपोर्ट. माझा यूकेचा वर्क व्हिसा, त्यांचा व्हिजिटर. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने फार नकोत. सहाच्या सुमाराची पहिली गाडी घ्यावी का? आणि पॅरिसच्या मेट्रोत लंडनसारखं बँकेचं कार्ड टेकवून चालतं का?

रूळमित्र
गाडीचं नंतर, आधी व्हिसा. यूकेच्या व्हिसावर फ्रान्समध्ये जाता येत नाही, तिघांनाही शेंगेन व्हिसा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) लागेल. आई-बाबांनी तो निघण्याआधी भारतातूनच काढावा. अर्ज राहत्या देशातून करायचा असतो आणि यूकेत पाहुणे म्हणून आलेल्यांचा अर्ज इथे सहसा घेत नाहीत. तुम्ही मात्र यूकेतूनच करा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. मोठ्यांची फी 90 युरो, अर्ज घेणाऱ्या सेवा केंद्राचं शुल्क वेगळं. याच सुट्टीत ते स्वित्झर्लंड वगैरे वेगळं करणार असतील, तर एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरणार नाही.

फ्रान्सची पासपोर्ट तपासणी पॅरिसला नाही, लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातच होते. कागद कमी पडला तर तिथूनच परत, आणि तिकिटाचे पैसे बुडाले. परतीची ब्रिटिश तपासणीही तशीच पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनात होते. तुमच्या ई-व्हिसाला (यूकेच्या ऑनलाइन व्हिसाला) सध्याचाच पासपोर्ट जोडलेला आहे ना, हे त्याच्या ऑनलाइन खात्यात जाऊन बघा. पासपोर्ट नवा केला आणि खात्यात जुनाच राहिला की खोळंबा होतो.

आता वेळ. प्रवास सुमारे 2 तास 20 मिनिटांचा, पण पॅरिसचं घड्याळ तासाभराने पुढे. सातला निघालात तर तिथे 10:20 वाजलेले असतात. फाटक गाडी सुटण्याच्या 30 मिनिटं आधी बंद होतं आणि त्याआधी तिकीट, बॅगा, पासपोर्ट अशा रांगा असतात. 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या युरोपच्या नव्या प्रवेश नोंदणीमुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथे आणखी वेळ लागतो. म्हणून सव्वा ते दीड तास आधी पोचायचं.

इथेच सहाच्या गाडीची अडचण होते. तिच्यासाठी पावणेपाचला स्टेशनात हवं, आणि एरवी त्या वेळी ट्यूब (लंडनची मेट्रो) सुरू झालेली नसते. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री व्हिक्टोरिया आणि पिकॅडिली लाइन रात्रभर धावतात, दोन्ही किंग्ज क्रॉस सेंट पँक्रसला थांबतात. म्हणजे शनिवारी किंवा रविवारी पहाटे जाणार असाल तर जमेल. इतर दिवशी टॅक्सी, नाहीतर सातच्या सुमाराची गाडी. मी सातचीच म्हणेन. अर्धवट झोपेत दिवसभर चालणं आई-बाबांना जड जाईल.

परतीला नऊच्या सुमाराची शेवटची गाडी धरली तरी साडेसात-पावणेआठला गार द्यू नॉरला हजर. युरोस्टारचा विभाग वरच्या मजल्यावर आहे. फ्रेंच तपासणी, ब्रिटिश तपासणी, मग बॅगा, सगळं पुन्हा. म्हणजे हातात उरले नऊ तास, त्यातले शहरातल्या येण्याजाण्याचे दोन वजा. व्हर्साय यादीतून खोडा.

खिडकीची_जागा
वरच्याला दुजोरा. माँमार्त्रही खोडा, टेकडी आहे आणि जिनेच जिने. जे ठेवायचं ते सीन नदीच्या काठाने एका रेषेत ठेवा: नोत्र दाम, एक संग्रहालय, आयफेल. बस्स.

गार द्यू नॉरहून आरईआर (पॅरिसमधून जाणारी उपनगरी रेल्वे) बी घेतलीत तर दुसरं स्टेशन सें-मिशेल नोत्र दाम. जलद पडतं, पण वर यायला जिने आहेत. आईंसाठी 38 नंबरची बस बरी, ती सरळ सिते बेटावर, म्हणजे नोत्र दामपाशी नेते, वेळ थोडा जास्त. नोत्र दाम 2019 च्या आगीनंतर डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडलं. प्रवेश फुकट. वेळेचं आरक्षणही फुकटच, पण ते एक-दोन दिवस आधीच उघडतं, महिनाभर आधी शोधू नका. पैसे मागणारी साइट दिसली तर ती खरी नव्हे.

संग्रहालय लूव्र की ओर्से? एका दिवसात ओर्से. लूव्रमध्ये नुसती मोनालिसा गाठायची तरी रांगा धरून दोन-अडीच तास जातात, आणि जानेवारी 2026 पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्यांना (म्हणजे तुम्हालाही) तिकीट 32 युरो आहे. ओर्से आटोपशीर आहे. मोने, रेन्वार, व्हॅन गॉग पाचव्या मजल्यावर, लिफ्टने थेट वर जा आणि बघत बघत खाली या. (इमारत 1900 सालचं रेल्वे स्टेशन आहे, तेव्हा आगगाडीच्या सहलीला शोभेलच!) लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी. तारीख ठरवण्याआधी एवढं बघा. महिन्याच्या पहिल्या रविवारी ओर्से फुकट असतं, म्हणूनच त्या दिवशी नको.

ओर्सेहून आरईआर सी ने तिसरं स्टेशन शाँ द मार्स तूर एफेल. उन्हाळ्यात कामासाठी हा मार्ग शहराच्या मध्यभागात काही आठवडे बंद ठेवतात. सप्टेंबरमध्ये बहुधा चालू असेल, तरी आदल्या दिवशी तपासा.

आयफेलच्या लिफ्टची तिकिटं 60 दिवस आधी खुली होतात आणि टोकापर्यंतची फार लवकर संपतात. जिन्याचा पर्याय आहे, दुसऱ्या मजल्यापर्यंत 674 पायऱ्या, म्हणजे तुमच्यासाठी नाहीच. तिकीट मिळालं तर दुपारी चारच्या आसपासचं घ्या. सहाचं घेतलंत की खाली उतरायच्या रांगेत परतीच्या गाडीची धाकधूक. नाहीच मिळालं तर पूल ओलांडून त्रोकादेरोच्या गच्चीवरून बघा. फोटो तिथूनच चांगले येतात.

सांजवारा
कार्डाचा प्रश्न राहिला. नाही, मेट्रोच्या फाटकाला बँकेचं कार्ड टेकवून चालत नाही, लंडनहून येणारे हमखास इथे अडतात. नाविगो ईझी नावाचं 2 युरोंचं कार्ड घ्या, प्रत्येकाला वेगळं. एकावर तिघं जाता येत नाही. त्यावर मेट्रो-आरईआरची तिकिटं भरा, एक साधारण अडीच युरोंना. बसचं तिकीट वेगळं असतं, मेट्रोचं बसमध्ये चालत नाही. 38 ने जाणार असाल तर तेही भरून घ्या. गार द्यू नॉरच्या यंत्रांपुढे गाडी आल्या आल्या झुंबड उडते, मशीन वापरायला मदत करतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला "नको" म्हणायचं.

आयफेलहून परतताना बीर-हाकेमहून 6 नंबरची मेट्रो, एत्वालला बदलून 2 नंबर, उतरायचं ला शापेलला. तिथून आतूनच गार द्यू नॉरला जाता येतं. पाऊण तास धरा, आईंसोबत एक तास.

खाण्याचं: यूकेतून युरोपात जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, चीज सँडविचसुद्धा नाही. उलट दिशेलाही एप्रिल 2025 पासून तसंच, त्यामुळे पॅरिसचं चीज तिथेच खाऊन टाका. रस्त्यावरची स्वयंचलित स्वच्छतागृहं फुकट आहेत. प्रत्येक वापरानंतर दार लागून धुलाई होते, ती संपून हिरवा दिवा लागल्याशिवाय आत शिरू नका.

भटकभवानी
व्हर्साय आणि माँमार्त्र खोडले. बुधवार धरतेय, सातच्या सुमाराची गाडी, ओर्से आणि आयफेल दुपारी चारचं. आई-बाबांच्या अर्जाला आजच बसते.

रूळमित्र
बुधवार ठीक. गाडीची तिकिटं मात्र व्हिसा हातात आल्यावरच काढा, किंवा तारीख बदलता येईल अशी काढा. बदलाची अट तिकीट घेतानाच वाचून ठेवा.