मदत हवी आहे: जॅब मारला की डावा हात खाली पडतो

नमस्कार मंडळी,

वय २९, राहते लालबागला, नोकरी फोर्टमध्ये. गेलं दीड वर्ष आठवड्यातून चार संध्याकाळी बॉक्सिंग शिकतेय. उजव्या हाताची आहे, म्हणजे डावा पाय आणि डावा हात पुढे. पाय बरे चालतात, ठोशात जोर आहे. अडलंय ते गार्डवर, म्हणजे चेहरा आणि अंग झाकायला हात धरण्यावर.

जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून झाला की डावा हात सरळ गालाशी परत येत नाही. आधी कमरेकडे उतरतो, मग वळसा घेऊन वर येतो. मारताना मला हे जाणवतही नाही. मागच्या आठवड्यात मैत्रिणीने स्पॅरिंगचा (सरावाच्या लढतीचा) व्हिडिओ काढला, तो घरी थांबवत थांबवत बघितला. समोरच्या मुलीचे उजव्या हाताचे जवळजवळ सगळे ठोसे नेमके त्या क्षणी बसलेत.

सर ‘हात वर!’ म्हणून ओरडतात, आणि बरोबरच ओरडतात. पण एवढ्या मोठ्या बॅचमध्ये एकेकीपाशी थांबून कारण सांगणं त्यांना जमत नाही. हात वर ठेवायचाच असं ठरवून उतरले, तर भलतंच झालं. कोपरं बाहेर फाकली, पोट उघडं पडलं आणि सरळ ठोसा आल्यावर माझाच ग्लोव्ह माझ्या नाकावर आदळला. १४ औंसांचे ग्लोव्ह्ज आहेत, दुसऱ्या राउंडला खांदे भरून येतात. सीएसएमटी ते करी रोड लोकलमध्ये कडी धरून उभी असते तेव्हा हाच खांदा कुरकुरत नाही. मग तीन मिनिटांत का हरतो?

ही चूक मोठमोठ्यांनीही केली आहे, हे वाचलंय. १९३६ मध्ये जर्मन बॉक्सर मॅक्स श्मेलिंगने अमेरिकेच्या जो लुईला बाराव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं ते ह्याच फटीतून. जॅबनंतर लुईचा डावा हात खाली राहतो हे त्याने आधीच हेरलं होतं. १९३८ मध्ये लुईने त्यालाच पहिल्या राउंडमध्ये लोळवलं, म्हणून मीही आशा सोडलेली नाही. बॅचमधला एकजण म्हणतो, मुहम्मद अली हात खालीच ठेवायचा की! पण अलीचे पाय आणि डोकं मागे घेण्याचा त्याचा वेग माझ्याकडे नाही. शिवाय १९७१ मध्ये जो फ्रेझर ह्या बॉक्सरच्या डाव्या हूकने (बाजूने वळून येणाऱ्या ठोशाने) त्यालाही पंधराव्या राउंडमध्ये खाली पाडलंच.

तर हा थकवा आहे की सवय? हात नेमके कुठे ठेवू? आणि दहा बाय बाराच्या खोलीत, पंचिंग बॅग नसताना, ह्याचा सराव कसा करू? दीड महिन्यावर निवड चाचणी आहे. कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद १

ताई, पहिल्या राउंडपासूनच हात पडत असेल तर तो थकवा नाही. तुम्ही जॅब ढकलताय. ढकललेल्या हातात परत यायचा जोर उरत नाही, मग तो स्वतःच्या वजनाने खाली जातो. जॅब जितक्या वेगाने जातो तितक्याच वेगाने, त्याच रेषेत परत आला पाहिजे. मारताना डावा खांदा हनुवटीपर्यंत वर येऊ द्या. हात परत येईपर्यंत तोच तुमची हनुवटी झाकतो.

खांद्याचं उत्तर तुमच्या लोकलमध्येच आहे. तिथे हाताचं वजन कडी पेलते. गार्डमध्ये हात हवेत धरला की ते सगळं खांद्यावर येतं. कोपरं बरगड्यांना टेकवा, मग भार अंगावर उतरतो आणि पोटही झाकलं जातं. हनुवटी आत, मुठी गालाच्या हाडाशी, खांदे सैल.

नाकावर ग्लोव्ह आदळतो कारण ग्लोव्ह आणि चेहरा ह्यांच्यात फट आहे. हूक आला तर कानाला मोबाइल लावतो तसा ग्लोव्ह डोक्याला घट्ट चिकटवा. समोरचा जॅब मात्र उजव्या तळव्यावर झेला किंवा हलकेच बाजूला सारा. त्यासाठी हात पुढे धाडायचा नाही, हनुवटीपाशीच थांबायचं.

घरी कपडे वाळत घालायची दोरी खांद्याच्या जरा खाली, छातीपासून वीतभर पुढे आडवी बांधा. जॅब दोरीवरून जाऊ द्या, दोरीवरूनच परत आणा. हात पडला की दोरी लागते, कुणी ओरडायला नको. प्रत्येक वेळी अंगठ्याचं पेर गालाला टेकलं पाहिजे. उजव्या काखेत रुमाल धरा. तो पडला म्हणजे उजवं कोपर फाकलं. आधी अगदी सावकाश करा. वेग नंतर येतो.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, मनापासून आभार. आठ दिवस गॅलरीत दोरी बांधून रोज चार राउंड करतेय. पहिल्या दिवशी प्रत्येक जॅबला दोरी लागत होती. काल एक अख्खा राउंड लागली नाही. कोपरं टेकवल्यापासून खांदेही तिसऱ्या राउंडपर्यंत टिकतात.

आता एक नवी शंका. शनिवारी स्पॅरिंगला डावखुरी मुलगी आहे. तिचा उजवा हात पुढे, म्हणजे आमचे पुढचे हात एकमेकांना अडणार आणि तिचा मागचा डावा सरळ मधून येणार. अशा वेळी माझा डावा हात तिच्या हाताच्या आतून ठेवू की बाहेरून?