आर अँड डीवर (संशोधन-विकासावर) जास्त खर्च, तरी मार्जिन सारखंच. असं का?

मुलुंडचा_गुंतवणूकदार:
दोन मध्यम फार्मा कंपन्या बघतोय. एक विक्रीच्या ८ टक्के आर अँड डीवर घालते, दुसरी ३. ऑपरेटिंग मार्जिन (व्याज-कराआधीचा धंद्याचा नफा, विक्रीच्या टक्क्यांत) जवळपास सारखं. पहिलीचे पैसे वाया जातायत असं समजायचं का?

पार्ले_सीए:
आधी खर्च कुठे टाकलाय ते बघा. इंड एएस ३८ या लेखा मानकाप्रमाणे संशोधनाच्या टप्प्यातला पैसा त्याच वर्षी नफा-तोट्यात जातो. विकासाच्या टप्प्यातला मात्र सहा अटी पूर्ण झाल्या की मालमत्ता म्हणून ताळेबंदात बसतो. समजा विक्री १,००० कोटी, आर अँड डी ८० कोटी, त्यातले ३० भांडवली केले. नफ्यातून वजा झाले फक्त ५०. मार्जिन ३ टक्क्यांनी गोंडस! ऑपरेटिंग कॅश फ्लोही (रोजच्या धंद्यातून आलेली रोकड) फुगतो, कारण ते ३० कोटी गुंतवणुकीच्या रकान्यात सरकतात.

एकूण आकडा संचालकांच्या अहवालाच्या जोडपत्रात, 'टेक्नॉलॉजी अ‍ॅब्सॉर्प्शन'खाली मिळेल. मग नोट्समधला 'इंटँजिबल अ‍ॅसेट्स अंडर डेव्हलपमेंट'चा (अजून तयार होत असलेल्या अमूर्त मालमत्तांचा) एजिंग तक्ता, म्हणजे पैसा किती वर्षं अडकलाय ते दाखवणारा, उघडा, तो २०२१-२२ पासून सक्तीचा आहे. 'तीन वर्षांहून अधिक'चा रकाना दरवर्षी वाढत असेल तर राइट-ऑफची, म्हणजे ती रक्कम तोट्यात टाकली जाण्याची, तयारी ठेवा.

रेग्युलेटरी_अंधेरी:
हिशेब झाला, पण खर्च कशावर होतोय? अमेरिकेत पेटंटला आव्हान देऊन पहिला अर्ज करणाऱ्या जेनेरिकला (मूळ औषधाच्या स्वस्त प्रतीला) १८० दिवसांची एक्सक्लुझिव्हिटी, म्हणजे इतर जेनेरिकांआधी विकायची मुभा, मिळू शकते. त्या दोन तिमाहींत मार्जिन उसळतं, बाकीचे उतरले की भाव कोसळतो. अशा वर्षावरून कंपनीची पारख करू नये.

नव्या औषधाचं गणित वेगळंच. सन फार्माने सोरायसिसवरचं टिल्ड्राकिझुमॅब २०१४ मध्ये मर्ककडून घेतलं, अमेरिकी औषध नियामक एफडीएची मंजुरी आली मार्च २०१८ मध्ये. मधली वर्षं नुसता खर्च. म्हणून यंदाचा नफा यंदाच्या आर अँड डीशी नाही, तीन-चार वर्षांपूर्वीच्या आर अँड डीशी लावून बघा.

मुलुंडचा_गुंतवणूकदार:
आणि करसवलत? जुन्या वर्षांचा पीएटी (करानंतरचा नफा) जरा जास्तच छान दिसतो.

पार्ले_सीए:
दिसणारच. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३५(२एबी)खाली डीएसआयआर-मान्य (केंद्राच्या विज्ञान व औद्योगिक संशोधन विभागाने मान्य केलेल्या) इन-हाउस लॅबच्या खर्चावर मार्च २०१७ पर्यंत २०० टक्के वजावट होती, मग मार्च २०२० पर्यंत १५०, त्यानंतर १००. ज्यांनी ११५बीएए या कलमाचा २२ टक्के सवलतीचा करदर घेतला, त्यांना ३५(२एबी) लागूच नाही. तेव्हा तुलना करपूर्व नफ्यावर करा, तीही आर अँड डी वजा करण्याआधीच्या.